वाणिज्य विद्यार्थ्यांना अनुभवी मार्गदर्शक हवेत

माननीय संपादक,

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मुळे पदवी अभ्यासक्रमात इंटर्नशिपला स्थान मिळाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे, मात्र बी.कॉम., बीबीएच्या अनेक विद्यार्थ्यांसाठी ती केवळ प्रमाणपत्रापुरती उरते, हे फोंड्यात कर सल्लागाराच्या कार्यालयात काम करताना मी जवळून पाहत आलो आहे. दरमहा जीएसटी विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याचे जीएसटीआर-1 (विक्रीचा तपशील) पुढील महिन्याच्या 11 तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-3बी (कराचा गोषवारा) 20 तारखेपर्यंत भरायचे असते. या धावपळीतही नव्या मुलाला शेजारी बसवून पुरवठादाराचे बिल आणि पोर्टलवरील नोंद यांतील तफावत कशी शोधावी, ती आढळल्यावर पुरवठादाराशी फोनवर कसे बोलावे, हे कोणी दाखवले, तर तो लवकरच जबाबदारीने काम करू लागतो. एरवी झेरॉक्स काढण्यातच त्याची इंटर्नशिप संपते.

गटप्रकल्पांचीही तीच गत. मुखपृष्ठावर पाच नावे असतात, काम एकदोघांनीच केलेले असते आणि गुण सर्वांना सारखे मिळतात. प्रत्येकाने काय केले, हे परीक्षकांनी तोंडी विचारलेच पाहिजे.

1908 पासूनची परंपरा असलेल्या गोवा चेंबर ऑफ कॉमर्सने वेर्णा, कुंडई येथील उद्योगांतील अनुभवी लेखापाल व व्यवस्थापकांची यादी महाविद्यालयांना द्यावी आणि प्रत्येकाकडे दोन-तीन विद्यार्थी वर्षभर सोपवले जावेत. निवृत्त बँक अधिकारीही आनंदाने पुढे येतील, असा मला विश्वास वाटतो. विषय येत असूनही मुलाखतीत गप्प राहणारी आपली मुले पाहिली की जीव तुटतो. येत्या शैक्षणिक वर्षापासून निदान एका तालुक्यात तरी ही सुरुवात व्हावी.

– एक वाचक, फोंडा