'कोणाच्याही भावना दुखावणार नाहीत' ही हमी द्यायची कोणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत एखाद्या कॅफेत, सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, खासगी सभागृहात विनोदाचा कार्यक्रम ठरवायला गेले की जागेच्या अर्जात बहुतेक वेळा एक ओळ भेटते. शब्द थोडेफार बदलतात, अर्थ एकच: कार्यक्रमामुळे कोणाच्याही भावना दुखावणार नाहीत आणि दुखावल्यास सर्व जबाबदारी आयोजकाची. अनामत, वेळ, ध्वनियंत्रणा, पाण्याच्या बाटल्या या सगळ्यांवर घासाघीस होते. या ओळीवर मात्र कोणी बोलत नाही, मुकाट सही होते. आमचे पत्र या एका ओळीबद्दल आहे.

यातला 'कोणाच्याही' हा शब्द नीट पाहावा. तो खुर्चीत बसलेल्या साठ-सत्तर प्रेक्षकांपुरता नाही. तिकीट न काढलेला, सहा महिन्यांनी लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर चाळीस सेकंदांचा तुकडा पाहणारा माणूसही त्यात येतो. असली हमी कीर्तनकारालाही देता येणार नाही, एकनाथांच्या भारुडांना तर नाहीच नाही.

कायदासुद्धा इतके मागत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २९९, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेतले २९५ अ, धार्मिक भावनांबद्दल आहे. त्याला नुसते दुखावणे पुरत नाही. कृत्य जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेले असावे लागते. अनवधानाने किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यातच सांगितले. कलम ३०२ मध्येही हेतुपुरस्सरपणा लागतो. ते अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही, आणि शिक्षा एक वर्षापर्यंत. दोन्ही कलमे धर्माबद्दल आहेत. पक्ष, नेता, नगरसेवक, कार्यकर्ता यांच्या भावनांना फौजदारी कायद्यात स्वतंत्र कलम नाही. नेत्याची बदनामी झाली असेल तर कलम ३५६ आहे. ते अदखलपात्र आहे आणि त्याखाली तक्रार बाधित व्यक्तीनेच, तीही न्यायालयात, करायची असते. शाखाप्रमुखाने किंवा तालुकाध्यक्षाने पोलीस ठाण्यात जाऊन नव्हे.

मग गुन्हे दाखल होतात कसे? जोडकलमामुळे. बदनामीच्या कलमाला ३५३(२) किंवा १९६ जोडले की काम होते. ही कलमे समाजगटांत वैर पसरवण्याबद्दलची आहेत, दखलपात्र आहेत. प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असला तरी पोलिसांना सगळ्याचाच तपास करता येतो. न्यायालयाने १९६ किंवा २९९ ची दखल घ्यायची तर आधी सरकारची मंजुरी लागते, हे खरे. पण ती खटल्याच्या वेळी. गुन्हा नोंदवायला आणि अटक करायला ती लागत नाही, आणि विनोद करणाऱ्याचे जे व्हायचे ते तोवर होऊन गेलेले असते.

आपल्या भागाला हे नवे नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला (तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होते) मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिणारी एक तरुणी आणि त्या मजकुराला 'लाइक' करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. पुढे ठाणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांना निलंबित करावे लागले आणि त्या अटकेतून उभ्या राहिलेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ कलमच रद्द झाले. मे २०२२ मध्ये एका अभिनेत्रीने दुसऱ्याची कविता फेसबुकवर टाकली. कळव्यात गुन्हा, मग राज्यभर आणखी गुन्हे आणि सुमारे चाळीस दिवस कोठडी. कविता अभिरुचीला सोडून होती, यावर आमचा वाद नाही. चाळीस दिवसांवर आहे. आणि २३ मार्च २०२५ रोजी उपमुख्यमंत्र्यांवरील, ठाण्याचा उल्लेख असलेल्या विडंबनगीतावरून खारच्या 'हॅबिटॅट' या विनोदी कार्यक्रमांच्या स्टुडिओत तोडफोड झाली. दुसऱ्याच दिवशी महापालिकेचे पथक तिथे हातोडे घेऊन पोहोचले. तिन्ही वेळा सरकारे वेगवेगळी होती. त्यामुळे कोणत्याही एका पक्षाने दुसऱ्याकडे बोट दाखवण्यात हशील नाही.

या घटनांत पहिला मार कोणाला बसला? पालघरला त्या तरुणीच्या काकांच्या दवाखान्याला, खारला स्टुडिओला. विनोद करणारा माणूस गाडी पकडून दुसऱ्या गावी जाऊ शकतो. जागा जाऊ शकत नाही. विनोदाची भीती जिभेपेक्षा जागेला जास्त बसते, ती अशी.

हिशेब साधा आहे. सत्तर खुर्च्यांचा कॅफे, तिकीट २५० रुपये, सगळी तिकिटे गेली असे धरले तर १७,५०० रुपये. निम्मे कलाकारांचे. जागेच्या वाट्याला ८,७५० रुपये आणि वर चहा-कॉफीचा गल्ला. या रकमेसाठी मालक काय काय पणाला लावतो? अग्निशमनाचा ना-हरकत दाखला, खाद्य परवाना, असल्यास बारचा परवाना, पोटमाळा, गच्चीवरची पत्र्याची शेड. घोडबंदर रोडपासून वाशीपर्यंत कागदोपत्री शंभर टक्के चोख असलेली खाण्यापिण्याची जागा दाखवा आणि बक्षीस मिळवा! त्रुटी सगळीकडे असते आणि ती नेमकी कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सापडते. म्हणून मालक आधीच सांगून टाकतो, 'राजकारण नको, धर्म नको, स्थानिक काही नको.' मग उरते काय? सासू, बायको आणि डाएट. घोडबंदरच्या खड्ड्यावरचा विनोद चालतो. खड्ड्याच्या कंत्राटावरचा चालत नाही. नव्या मुलांच्या वहीत आधी असलेले नाव 'एक नेता' होते, मग 'एक काका' होते, शेवटी तो बिटच, म्हणजे विनोदाचा तो अख्खा तुकडाच, कापला जातो. हे कोणत्याही सेन्सॉरच्या दफ्तरात नोंदले जात नाही.

नाटकासाठी निदान रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे. त्याच्या पूर्वपरीक्षणाला २०१६ मध्ये अमोल पालेकर यांनी उच्च न्यायालयात आव्हान दिले, तो वेगळा विषय. पण संहिता आधी लिहून ठरलेली असते, हे नाटकाचे गृहीत ओपन माइकला, म्हणजे नवख्यांनाही मंच खुला असलेल्या कार्यक्रमाला, लागूच पडत नाही. तिथे दहा-पंधरा जण प्रत्येकी चार-पाच मिनिटे बोलतात, वेळ संपत आली की मागून दिवा दाखवला जातो आणि प्रत्येक बिट रोज थोडा बदलतो. प्रमाणपत्र कशाला देणार? (महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालच्या मनाई आदेशांत सभ्यतेला बाधक हावभाव आणि सोंगे आणण्यावरही बंदी घालता येते. कलम १९५१ चे आहे. मिमिक्री करणाऱ्यांनी जरा बेताने.)

आता त्या चाळीस सेकंदांबद्दल, कारण बहुतेक भांडणे तिथून निघतात. विनोदाला आधी सेटअप (प्रसंगाची मांडणी) लागतो, मग पंच (हशा पिकवणारी ओळ), मग टॅग (पंचाला जोडलेली पुढची ओळ). क्लिप कापणारा पंचापासून सुरू करतो, कारण मोबाइलवर पहिल्या दोन-तीन सेकंदांत काही घडले नाही तर बोट पुढे सरकते. सेटअपमध्ये 'मी असल्या माणसाची नक्कल करतोय' हे सांगितलेले असते. तेच कापले जाते आणि नक्कल कलाकाराचे स्वतःचे मत बनून फिरते. दुसरी चूक आयोजकांची. आवाज थेट मिक्सरमधून घेतला की फक्त कलाकाराचा माइक येतो आणि सभागृहातले हसू गायब होते. हशाशिवाय तोच मजकूर सभेतल्या भाषणासारखा ऐकू येतो. प्रेक्षकांकडे तोंड केलेला एक जादा माइक लावला तर हे टळते. तो हजार-दीड हजारातही मिळतो. तिसरी गडबड कॅमेऱ्याची. बरेच जुने कॅमेरे अर्ध्या तासाला आपोआप थांबतात, फोनवर मध्येच कॉल आला की चित्रण तुटते, आणि मग 'हे अखंड चित्रण आहे' असे शपथेवर सांगता येत नाही. फोन एअरप्लेन मोडवर, चार्जरला जोडलेला, पूर्ण मंच दिसेल असा एकाच जागी ठेवावा.

तासाभराचे फुल एचडी चित्रण साधारण आठ-दहा जीबी भरते. म्हणजे एक टीबीच्या डिस्कवर शंभरेक कार्यक्रम मावतात. हे चित्रण किमान तीन वर्षे जपावे, कारण तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला तितकीच मुदत असते. दोन प्रती, दोन जागी. मूळ फाइलला हात लावायचा नाही, नावही बदलायचे नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यायच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल जराही बदलली की बदलणारी तिची सांकेतिक खूण) लिहावी लागते; ती कार्यक्रमाच्या रात्रीच काढून ठेवली तर पुढे 'नंतर काटछाट केली' हा आरोप टिकत नाही. सीसीटीव्हीचेही तसेच. डीव्हीआरची (चित्रण साठवणाऱ्या यंत्राची) डिस्क भरली की जुने चित्रण पुसले जाते, म्हणून गोंधळ झाला त्याच दिवशी ते वेगळे काढावे. टोळके आलेच तर सूत्रसंचालकाने माइक हातात घ्यावा, दिवे पूर्ण लावावेत, कलाकाराला मागच्या दाराने काढावे, ११२ ला फोन करावा. वाद घालायला थांबू नये. आणि दुसऱ्या दिवशी जागेच्या मालकाने तक्रार द्यावीच. बहुतेक ठिकाणी हीच पायरी गळते. नुकसान मालकाचे होते आणि तोच गप्प बसतो.

पोलिसांनी काय करायचे हेही आता मोघम राहिलेले नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३(३) सांगते की तीन वर्षे किंवा अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात वरिष्ठांची परवानगी घेऊन आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. आयुक्तालयाच्या हद्दीत ही परवानगी सहायक पोलीस आयुक्तांची. खारच्या तोडफोडीनंतर पाचच दिवसांनी, २८ मार्च २०२५ रोजी, इम्रान प्रतापगढी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आरोप बोलण्या-लिहिण्याबद्दल असेल आणि शिक्षा या टप्प्यातली असेल, तर अशी चौकशी करणेच योग्य. स्टँडअप कॉमेडीचा उल्लेख त्या निकालात नावानिशी आहे. शब्दांचा परिणाम खंबीर, विवेकी माणसाच्या मापाने मोजायचा, सतत धोका हुंगणाऱ्या दुबळ्या मनाच्या मापाने नव्हे, ही कसोटीही त्यात आहे. ती मूळची नागपूर उच्च न्यायालयाची, न्या. व्हिव्हियन बोस यांची, स्वातंत्र्याच्या आधीची. आणि २०२५ च्या खंडपीठातले न्या. अभय ओक यांनी वकिलीची सुरुवात १९८३ मध्ये ठाण्याच्याच जिल्हा न्यायालयात केली होती. निदान ठाण्यात तरी या निकालाची प्रत प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर असायला हरकत नसावी.

महापालिकांसाठीही नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालानुसार बांधकाम पाडण्याआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस हवी. रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागांवरचे अतिक्रमण आणि न्यायालयानेच पाडायला सांगितलेले बांधकाम तेवढे याला अपवाद. गच्चीवरची शेड बेकायदा असेल तर जरूर पाडावी, पण ती विनोदाच्या आदल्या आठवड्यातही बेकायदाच होती.

कलाकारांबद्दलही लिहिले पाहिजे. एखाद्याची जात, आगरी बोलीचा हेल, रंग, अपंगत्व यांवर हशा मिळवून त्याला 'बोल्ड' म्हणणाऱ्यांची कमी नाही. हा विनोद वरच्यावर नाही, खालच्यावर केलेला असतो आणि कायदाही इथे वेगळा वागतो: अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा लोकांदेखत हेतुपुरस्सर अपमान केल्यास अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अटकपूर्व जामिनाची वाटही जवळजवळ बंद होते. अशा बिटांची पाठराखण आम्ही करणार नाही. पण नुसता रटाळ किंवा आचरट विनोद असेल तर सभागृहात पसरणारी शांतता ही पुरेशी शिक्षा असते. ज्याने ती मंचावर उभे राहून ऐकली आहे, तो कोठडीची मागणी करणार नाही.

तेव्हा जागामालकांना, सोसायट्यांना आणि सभागृहांच्या व्यवस्थापकांना आमची विनंती एवढीच की अर्जातली ती ओळ काढून तिच्या जागी पुढचा मजकूर घालावा:

'आयोजक कार्यक्रमाचे संपूर्ण, अखंड चित्रण करून तीन वर्षे जपून ठेवील. कार्यक्रमाबद्दल लेखी तक्रार आल्यास ते चौकशी अधिकाऱ्याला देईल. कार्यक्रमात कोणी अडथळा आणल्यास किंवा नासधूस केल्यास जागेचे मालक आणि आयोजक दोघेही पोलिसांत तक्रार नोंदवतील.'

मजकूर आधीच्या ओळीपेक्षा लांब आहे. पण अर्जाची मागची बाजू कोरीच असते.

आपले,
एकपात्री व विनोदी कार्यक्रमांचे काही आयोजक,
ठाणे–कळवा–वाशी