पोस्टरची किंमत छापता, तर पुढचंही छापा

महोदय,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या सिनेमांच्या पोस्टरांवर लेख आला होता तो वाचला. विषय जिव्हाळ्याचा, बरीच वर्षं मी हेच कागद गोळा करतोय, त्यामुळे आधी बरं वाटलं. पण हेडिंगमध्ये तो 'कोटीं'चा आकडा एवढा ठसठशीत टाकलात की आमच्या पेठेत लोकांनी माळे उपसायला घेतलेत आणि जो तो मोबाईलवर फोटो पाठवून विचारतोय, 'काका, ह्याचे किती येतील?' एकाने तर छान लॅमिनेट करूनच आणलं. त्यावर पुढे बोलतो.

आधी हेडिंगमधला तो आकडा. 'मेट्रोपोलिस' ह्या 1927 च्या जर्मन सिनेमाचं पोस्टर 6 लाख 90 हजार डॉलरला गेलं हे खरंय, पण ते 2005 साली, आणि तो लिलाव नव्हताच, लंडनच्या रील पोस्टर गॅलरीने जमवलेला खासगी सौदा होता. तेव्हा डॉलर 45 रुपयांच्या आसपास, म्हणजे झाले 3 कोटींच्या जरा वर, तुम्ही आजच्या भावाने गुणून जवळपास दुप्पट केलेत! बरं, ते एवढ्याला का गेलं हे लेखात कुठेच नाही. हाइन्झ शुल्झ-नॉयडाम ह्या चित्रकाराचं ते काम, जगात चारच प्रती माहीत आहेत आणि त्यातली एक न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, म्हणजे ती बाजारात येणारच नाही. 'पोस्टर जवळपास शंभर वर्षं जुनं म्हणून महाग' असं नसतं हो. तेवढेच जुने कागद शंभर-दोनशे रुपयांत पण मिळतात, कुणी बघत नाही त्यांच्याकडे.

किंमत ठरते ती किती प्रती उरल्या आणि त्या दिवशी हट्टाला पेटलेले दोन गिऱ्हाईक समोरासमोर आले का ह्यावर. आणि उरत का नाहीत, तर पोस्टर हे ठेवायची वस्तू नव्हतीच कधी. आठवडाभर भिंतीवर, मग त्याच्यावरच पुढचं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बर्विक गावच्या एका घराच्या माळ्यावर 1930-31 च्या आसपासची 33 पोस्टरं सापडली, वॉलपेपरच्या खळीने एकावर एक चिकटून नुसता पुठ्ठ्यासारखा गठ्ठा झालेला. गावच्या लिलावात तो 30 हजार डॉलरच्या आसपास गेला, मग वाफ देऊन देऊन एकेक थर सोडवला आणि 2012 ला डॅलसच्या हेरिटेज ऑक्शन्सने विकल्यावर सगळ्याचे मिळून 5 लाख डॉलरच्या वर आले. आता हे वाचून कुणी घरी किटली घेऊन बसू नका, ते काम करणारे लोक आयुष्यभर तेच करतात.

'लंडन आफ्टर मिडनाइट' म्हणून 1927 चा एक अमेरिकन मूकपट आहे, म्हणजे होता, त्याची एकही प्रिंट आज कुणाकडे नाही. त्याचं पोस्टर 2014 ला 4 लाख 78 हजार डॉलरला गेलं, कारण सिनेमा संपला, आता जे काय आहे ते फोटो आणि हा कागद. हे वाचताना मला आपल्या कोल्हापूरचे मूकपटांचे दिग्दर्शक आणि चित्रकार बाबूराव पेंटर आठवतात. 1924 च्या त्यांच्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे आपल्याकडचं सगळ्यात जुनं शिल्लक पोस्टर म्हणून सांगतात, ते त्यांनी स्वतः केलेलं, आणि तो सिनेमा पण आज बघायला मिळत नाही. एवढं घरचं उदाहरण असताना तुमच्या पानभर लेखात बाबूरावांचं नाव एकदाही नाही, ह्याचं खरंच वाईट वाटलं.

दुसरी गोष्ट, लिलावाचे आकडे छापताना जरा सांभाळून. बातमीत येते ती रक्कम बहुतेक वेळा बायर्स प्रीमियम धरून असते, म्हणजे घेणाऱ्याने बोलीच्या वर लिलाव कंपनीला दिलेले पैसे त्यात असतात, आणि विकणाऱ्याकडून कमिशन कापतात ते वेगळंच, तेव्हा माळा उपसणाऱ्याच्या हातात तो आकडा कधीच पडत नाही. आणि जे विकलं जात नाही त्याची बातमी होत नाही ना. 'द ममी' ह्या 1932 च्या सिनेमाचं पोस्टर सदबीज ह्या लिलाव कंपनीत 1997 ला 4 लाख 53 हजार 500 डॉलरला गेलं, तेव्हाचा रेकॉर्ड. त्याच पोस्टरची एक प्रत 2018 ला सदबीजनेच काढली, 10 ते 15 लाख डॉलरचा अंदाज दिला, जगभरच्या पेपरांनी तो अंदाज हेडलाइनला घेतला, आणि प्रत्यक्षात ती विकलीच गेली नाही. हे किती जणांनी वाचलं?

आपल्याकडे तर अजून मजा. इथे बहुतेक व्यवहार दुकानातल्या दुकानात, मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटला चहा पिता पिता होतात, कुठे नोंद नाही, त्यामुळे 'मार्केट रेट' म्हणून जो सांगतात तो मागितलेला भाव, मिळालेला नव्हे. नेटवर एकाने लाख लिहिलं की दुसरा दीड लिहितो, आणि तोच आकडा उचलून पेपरात येतो.

आणि ओरिजिनल म्हणजे काय ते तरी लिहा. आपले हिट सिनेमे वीस-वीस, तीस-तीस वर्षं मॅटिनीला चालले, दर वेळी नवीन पोस्टर छापलं गेलं, तेव्हा 1957 च्या सिनेमाचं पोस्टर 1957 चं असेलच असं काही नाही. अमेरिकेत 1940 नंतरच्या काही दशकांतल्या बऱ्याच पोस्टरांवर खाली कोपऱ्यात नॅशनल स्क्रीन सर्व्हिस ह्या पोस्टरं पुरवणाऱ्या कंपनीचा नंबर असतो, त्याच्या सुरुवातीला वर्ष, आणि पुन्हा रिलीज असेल तर त्याच्याही आधी आर अक्षर, विषय संपला. आपल्याकडे तसलं काही नाही, भिंग घ्यायचं आणि हिरॉइनच्या गालावर धरायचं. गालात सारख्या अंतरावर बारीक ठिपक्यांची रांगोळी दिसली तर ऑफसेट, आणि ठिपके नसून खडूने घासल्यासारखी रवाळ, वेडीवाकडी छटा दिसली, शाई जाड बसलेली वाटली, तर लिथो, म्हणजे हाताने चित्र काढून केलेली जुनी छपाई. 1950 च्या दशकातल्या सिनेमाचं पोस्टर चकचकीत कागदावर ऑफसेटमध्ये असेल तर ते बहुतेक नंतरचंच, मग विकणारा काही का शपथ घेईना. कडेला छापखान्याचं नाव असतं ते पण बघा, फ्रेमवाले नेमकी तीच कड सरळ करायला कापून टाकतात.

आता ते लॅमिनेशन. कृपा करून करू नका. प्लॅस्टिक गरम करून चिकटवलं की ते परत निघत नाही, काढायला जावं तर शाई घेऊन येतं, आणि घेणारा ते बघूनच हात मागे घेतो. सेलोटेप पण नको, चार-पाच वर्षांत पिवळा डाग कागदात उतरतो. घडी असेल तर असू दे, पोस्टरं घड्या घालूनच थेटरला जायची, त्यात कमीपणा नाही. जाणकार लोक मागून जपानी कागद आणि कापड गव्हाच्या खळीने लावतात, ती खळ पाण्याने परत सुटते, मुद्दा तोच आहे. ते जमत नसेल तर सपाट ठेवा, दोन कागदांच्या मध्ये, कोरड्या जागी, झालं.

माझी मागणी एवढीच आहे की पुढच्या वेळी किंमत छापलीत तर शेजारी दोन ओळी जास्त छापा, कुठली छपाई, पहिल्या रिलीजचं की नंतरचं, आणि चित्र कुणाचं. चित्रकार हुसेन सिनेमाची होर्डिंग रंगवायचे हे सगळ्यांना पाठ आहे कारण पुढे त्यांची चित्रं कोटीत गेली. पण शासनमान्य शिवछत्रपतींचं चित्र काढणारे आपले जी. कांबळे सिनेमाची पोस्टरं करायचे, एस. एम. पंडितांनी केली, सत्तरीतली 'दीवार'सारखी पोस्टरं दिवाकर करकरेंची, ह्यांची नावं फोटोखाली द्यायला जागा किती लागते?

आणि थेटरवाल्यांसाठी एक. सिंगल स्क्रीन धडाधड बंद पडतायत, बुकिंग ऑफिसच्या मागे अजून गठ्ठे पडलेले असतात, पोस्टरं, शोकार्ड म्हणजे थेटरात लावायचे फोटोंचे पुठ्ठे, गाण्याची पुस्तकं, त्यात मराठी सिनेमांचे तर कुणी विचारत नाही म्हणून पहिले रद्दीत जातात. किलोवर घालायच्या आधी पुण्याला लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे एक फोन करा. ते हे कागद जपून ठेवतात. पैसे मिळतीलच असं मी म्हणत नाही, रद्दीवाला तरी असे किती देणार आहे.

आपला,
एक जुना वाचक, कोल्हापूर