‘स्तनदा मातांनी टाळावे’ या एका ओळीविषयी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत त्वचेची निगा आणि वाढत्या वयाच्या खुणा कमी करणारे उपचार यांवर येणारे लेख मी नियमाने वाचते. क जीवनसत्त्वाचे सीरम असो, रेटिनॉलचे क्रीम असो की बोटॉक्सचे इंजेक्शन, या लेखांच्या शेवटी ‘गरोदर स्त्रिया व स्तनदा मातांनी टाळावे’ ही एकच ओळ छापलेली असते. हेतू चांगला असला तरी या ओळीने आईच्या हाती काहीच लागत नाही, आणि कधीकधी त्रासच होतो.

माझे बाळ चार महिन्यांचे असताना मी रेटिनॉलचे क्रीम दोन रात्री चेहऱ्याला लावले आणि तिसऱ्या दिवशी डबीवरची सूचना वाचली. घाबरून मी दोन दिवस बाळाला अंगावर पाजले नाही आणि दूध पिळून फेकून दिले. छाती दाटली, ताप भरला आणि बाटलीची सवय नसलेले बाळ रडून बेजार झाले. नंतर डॉक्टरांनी सांगितले की यातले काहीच करण्याची गरज नव्हती. ते दोन दिवस आठवले की आजही वाईट वाटते, म्हणून हे पत्र.

गर्भारपण आणि स्तनपान या दोन अवस्था औषधांच्या दृष्टीने अगदी वेगळ्या आहेत. पोटात बाळाचे अवयव घडत असतात आणि आईच्या रक्तातला पदार्थ वारेतून त्याच्यापर्यंत जातो. रेटिनॉल ज्यात मोडते त्या रेटिनॉइड वर्गातील, मुरमांवर दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी गर्भात गंभीर व्यंग निर्माण होते हे सिद्ध झाले आहे, त्यामुळे त्या वर्गाविषयीची धास्ती रास्तच आहे. स्तनपानात मात्र चेहऱ्यावर लावलेल्या पदार्थाला आधी त्वचेतून रक्तात, रक्तातून दुधात आणि दुधातून बाळाच्या आतड्यातून त्याच्या रक्तात शिरावे लागते, आणि प्रत्येक टप्प्यावर त्याचे प्रमाण घटत जाते. वजनाच्या हिशेबाने आईच्या मात्रेच्या 10 टक्क्यांहून कमी औषध बाळाला मिळत असेल, तर ते बहुतेक वेळा स्वीकारार्ह मानण्याचा संकेत तज्ज्ञांमध्ये रूढ आहे. अमेरिकेने 2015 पासून औषधांच्या माहितीपत्रकातील, गर्भारपणातला धोका दाखवणारी ए, बी, सी, डी, एक्स ही ढोबळ अक्षरे काढून गर्भारपण आणि स्तनपान यांची माहिती स्वतंत्र शीर्षकांखाली देणे सुरू केले. औषधांच्या माहितीपत्रकांत झालेला हा भेद आपल्या लेखांतही दिसायला हवा.

प्रत्यक्षात पाहायचे असते ते एवढेच की पदार्थ किती शोषला जातो, तो कुठे लावला आहे आणि बाळाचा गाल किंवा तोंड तिथे लागते का. रेटिनॉइड वर्गातलेच, चेहऱ्यावर लावलेले ट्रेटिनॉइन रक्तात अत्यल्प उतरते, म्हणून त्यापासून बाळाला असलेला धोका कमी समजला जातो. काही त्वचारोगतज्ज्ञ तरीही थांबायला सांगतात, आणि त्यांचे ऐकण्यात काही वावगे नाही. पण त्यासाठी दूध फेकण्याचे कारण नाही. असे क्रीम छातीवर किंवा गळ्याखाली लावू नये, लावल्यावर हात धुवावेत आणि बाळाला चेहऱ्याशी घेण्याआधी क्रीम मुरू द्यावे. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या मात्र स्तनपानातही घेऊ नयेत. हायड्रोक्विनोनची गोष्ट निराळी आहे. वांगावर लावल्या जाणाऱ्या या औषधाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग त्वचेतून शोषला जातो, त्यामुळे बाळ पीत असेपर्यंत ते दूर ठेवण्याचा सल्ला मला पटतो. त्याऐवजी डॉक्टर पुष्कळदा ॲझेलेइक ॲसिड देतात. ते जेमतेम चार टक्के शोषले जाते आणि गहू, बार्ली यांसारख्या धान्यांतही निसर्गतः असते. क जीवनसत्त्व, नायसिनामाइड, हायलुरॉनिक ॲसिड आणि सौम्य ग्लायकॉलिक ॲसिड यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. सॅलिसिलिक ॲसिड मुरमापुरते चालते, अंगभर तीव्र पील, म्हणजे त्वचेचा वरचा थर सोलून काढणारा उपचार, करून घेणे नको.

बाळंतपणानंतर गडद झालेल्या वांगासाठी आणि सुरकुत्यांसाठीही पहिला उपाय सनस्क्रीन हाच आहे, आणि तो स्तनदा मातेला पूर्णपणे खुला आहे. झिंक ऑक्साइडचे, आयर्न ऑक्साइडमुळे किंचित रंगीत असलेले सनस्क्रीन वांगाला अधिक उपयोगी पडते, कारण ते डोळ्यांना दिसणारा प्रकाशही काही प्रमाणात अडवते.

ज्याविषयी मोठ्या अक्षरांत लिहायला हवे, ते आपल्या लेखांत मला फारसे आढळले नाही. ते म्हणजे त्वचा उजळवणाऱ्या आणि डाग घालवणाऱ्या काही क्रीममध्ये मिसळलेला पारा. पाऱ्याचे क्षार त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाहीत, म्हणून फरक लवकर दिसतो आणि वापरणारी खूश होते. हाच पारा त्वचेतून शरीरात साठतो, मूत्रपिंडांना इजा करतो आणि दुधातूनही उतरतो. शिवाय उशी, टॉवेल आणि आईचे हात यांवरून तो बाळापर्यंत पोहोचतो, त्यामुळे स्वतः क्रीम न लावणाऱ्या घरातल्या माणसांच्या शरीरातही तो आढळला आहे. 2013 साली स्वीकारलेल्या, पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाटा कराराने दशलक्ष भागांत एका भागाहून अधिक पारा असलेली सौंदर्यप्रसाधने 2020 पर्यंत बंद करण्याचे ठरवले, आणि 2023 मध्ये एका भागापर्यंतची ही सूटही काढून 2025 पर्यंत पारा घातलेली सगळीच प्रसाधने थांबवण्याचा निर्णय झाला. तरीही ती विकली जातात. डबीवर कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड किंवा मर्क्युरिक असे शब्द असले, किंवा ‘सोने, चांदी, ॲल्युमिनियम, रबर यांना लागू देऊ नये’ अशी सूचना असली, तर पाऱ्याचा संशय घ्यावा. ज्या डबीवर घटकांची यादीच नाही, ती तर घरात आणूच नये. एखादी आई असे क्रीम वापरत आली असेल, तर तिने ते लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवावे. पाजणे थांबवावे की नाही, हे तिने घाबरून एकटीने ठरवू नये. लपवून घातलेल्या तीव्र स्टिरॉइडचेही असेच आहे. त्याने त्वचा पातळ होते, आणि असे मलम स्तनाग्रावर लागले तर ते थेट बाळाच्या पोटात जाते.

बोटॉक्सविषयी स्तनदा मातांमधली माहिती तुटपुंजी असल्याने उत्पादक हात राखून बोलतात. पण ते मोठ्या आकाराचे प्रथिन आहे, स्नायूत अगदी थोड्या मात्रेत टोचले जाते, आणि बोटॉक्स ज्या विषापासून बनते त्याच्याच बाधेने, म्हणजे बॉट्युलिझमने, गंभीर आजारी असलेल्या एका आईच्या दुधात हे विष आढळले नसल्याची वैद्यकीय नोंद आहे. ज्या आईने ते आधीच टोचून घेतले आहे, तिने दूध फेकू नये. ज्या आईने अजून घेतलेले नाही, तिने बाळ थोडे मोठे होऊ द्यावे असे मला वाटते, कारण कपाळावरची आठी कुठे पळून जात नाही. सुरकुत्या भरून काढणाऱ्या फिलरच्या इंजेक्शनांबाबतही माझे हेच मत आहे. तिथे दुधापेक्षा जंतुसंसर्ग किंवा रक्तवाहिनी बंद होण्याची काळजी मोठी आहे, आणि तसे झाले तर आणखी औषधे घ्यावी लागतात. लेझरचा प्रकाश दुधात उतरत नाही. विचारायचे असेल तर त्याआधी लावल्या जाणाऱ्या बधिर करणाऱ्या मलमाविषयी विचारावे. ते मोठ्या भागावर, फार वेळ ठेवू नये. वांग असलेली त्वचा लेझरने उलट काळवंडूही शकते.

केस आणि त्वचेसाठीच्या बायोटिनच्या गोळ्यांविषयीही एक गोष्ट लिहिते. जास्त मात्रेतील बायोटिनमुळे थायरॉइडच्या काही रक्तचाचण्यांचे आकडे चुकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये दिला आहे. बाळंतपणानंतरच्या वर्षात काही स्त्रियांना थायरॉइडची सूज येते आणि तिच्या लक्षणांत थकवा आणि केसगळतीही असू शकते. अशा वेळी त्याच गोळ्यांमुळे तपासणी फसायला नको, म्हणून रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना गोळ्यांची कल्पना द्यावी.

जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान आणि पुढे दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ ते चालू ठेवण्याचा सल्ला देते. ‘स्तनपान संपेपर्यंत टाळा’ म्हणजे गर्भारपण धरून जवळजवळ तीन वर्षे आपल्या चेहऱ्याकडे पाहू नका, असे सांगण्यासारखे आहे. एवढा काळ कोणी थांबत नाही. कुणी चोरून काहीतरी लावते आणि मनात अपराधी होते, तर कुणी बाळाचे दूध लवकर तोडते. मुदतीआधी जन्मलेले किंवा महिन्याच्या आतले बाळ असेल, तर जास्त जपायलाच हवे, कारण त्याचे यकृत आणि मूत्रपिंडे अजून कच्ची असतात. ही बाबही लेखात स्वतंत्रपणे यावी.

आपणांस विनंती की यापुढे गरोदर स्त्रिया आणि स्तनदा माता यांच्यासाठीच्या सूचना दोन वेगळ्या ओळींत छापाव्यात, आणि स्तनदा मातांच्या ओळीत टाळण्याचे कारण व त्याला पर्यायही द्यावा. पाऱ्याच्या क्रीमविषयी एखाद्या त्वचारोगतज्ज्ञांकडून स्वतंत्र लेख लिहून घेतलात, तर तो मी कापून बाळाच्या लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवीन, आणि माझ्यासारख्या आणखी चौघींना वाचायला देईन.

आपली नम्र,
एक स्तनदा माता व नियमित वाचक