सूचना : ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्याआधी
सर्व ट्रॅक्टरमालक व चालक सभासदांना राम राम. खरिपाची तयारी सुरू आहे, त्यामुळे ट्रॉलीचे हूक, मडगार्ड, नांगराचे जोड असं वेल्डिंगचं काम निघणारच. सुटं होणारं अवजार सोडवूनच वेल्डिंगला न्या.

ट्रॅक्टरवरच करावं लागलं तर इंजिन बंद करून बॅटरीची मायनस वायर आधी काढा, मग प्लसची. जोडताना आधी प्लसची, मग मायनसची. नव्या ट्रॅक्टरला ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) असेल तर त्याचेही कनेक्टर काढा, अल्टरनेटरचेही (बॅटरी चार्ज करणारा डायनामो). अर्थिंगची क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ, घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर लावा. चेसिसच्या दुसऱ्या टोकाला लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होतात.

टायर चढवलेल्या रिमला वेल्डिंग अजिबात नको. हवा सोडली तरी नको. आत तापलेल्या रबराचा गॅस होतो आणि टायर फुटतो. डिझेलची रिकामी टाकीही तशीच, उलट रिकामीत वाफ जास्त. ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्या मिस्त्रीकडे काम देऊच नका.

हायड्रॉलिकचे पाइप ओल्या गोणपाटाने झाका. कडब्याच्या गंजीजवळ, शेतातल्या आखाड्यावर काम नकोच. पाण्याची बादली, वाळू जवळ ठेवा. डिझेल-ऑइल पेटलं तर पाणी नाही, वाळूच. अंगात सुती कपडे, नायलॉनचा टी-शर्ट नको. लेकरं लांब. काम संपल्यावर अर्धा तास तिथंच थांबा, ठिणगी दडून राहते.

– गटाच्या वतीने