माझ्यावर भूक आहे

लुकन, डब्लिन
१९ ऑक्टोबर २०२५

प्रिय दिल्या,

आधी शिव्या घालून घे. तुझे तीन मेसेज उघडून वाचले आणि उत्तर दिलं नाही. मार्चमधला, गणपतीतला, आणि तो जळालेल्या मोटरीच्या फोटोचा. निळ्या खुणा तुला दिसल्या असतीलच. तब्येत बरी आहे, शुगर काठावर आहे, स्वातीची मान दुखते, संपलं. उद्या नरकचतुर्दशी. शॉवरखाली उटणं लावायचं आणि मग जाळी तुंबली म्हणून बोलणी खायची, एवढीच इथली पहिली अंघोळ.

लिहायला बसलो, कारण गेल्या रविवारी एक गंमत झाली. इथल्या लोकांना सांगितली तर तेही हसतील, पण भलत्या जागी हसतील.

रविवारी आईला फोन असतो. मीराचं आजीशी बोलणं तुला पाठ आहे : "हो. बरी आहे. जेवले. बाबांना देते." त्या दिवशी आईनं विचारलं, "जेवलीस काय गं?" आणि मीरा म्हणाली, "नाही आजी, माझ्यावर भूक आहे."

आई जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "भूक अंगावर येतीया व्हय गं तुझ्या?" आणि कवळी सांभाळत अशी हसत सुटली की मला वाटलं, आता ठसका लागतोय.

नंतर मीराची वही बघितली. आयरिशमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या मूळ भाषेत, भूक लागत नाही, ती माणसाच्या अंगावर असते. 'टॉ ओक्रस ओरम'. आहे भूक माझ्यावर. तहान, दुःख, घाई, सगळं असंच वरून येऊन बसतं. पोरीनं गृहपाठातलं वाक्य जसंच्या तसं मराठीत आणलं होतं. चौदा वर्षं मी तिचं मराठी दुरुस्त करतोय आणि प्रत्येक चुकीच्या मागे इंग्रजी सापडतं. यावेळी पहिल्यांदाच दुसरं कोणीतरी सापडलं. मला आनंद झाला रे. आता तुझ्या भुवया कुठं गेल्या असतील, मला इथून दिसतंय.

तर मूळ भानगड अशी. इथं आयरिश सगळ्या पोरांना सक्तीची, शाळा संपेपर्यंत. शेजारच्या नाशिककरांचा मुलगा तेरा वर्षांचा होऊन इथं आला, त्याला सूट मिळाली. आमची इथंच जन्मली, तिला कुठली सूट? बारावीसारखी जी परीक्षा असते तिच्यात आयरिशचे ४० टक्के गुण नुसत्या बोलण्याला आहेत. पण बोलायचं कुणाशी? २०२२ च्या जनगणनेत साडेअठरा लाखांवर लोकांनी 'आम्हाला आयरिश येतं' असं लिहून दिलं, आणि शाळेबाहेर रोज बोलणारे निघाले ७२ हजार. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी बाजाराच्या दिवशी एवढ्या मराठीत नुसती भांडणं होत असतील.

त्यावर यांनी शंभर वर्षांपूर्वीच एक उपाय काढून ठेवलाय. पश्चिमेच्या किनाऱ्याला आणि आणखी दोन-चार ठिकाणी भाषा अजून घरात टिकून आहे, त्या भागाला गेल्टाख्त म्हणतात. उन्हाळ्यात शहरातली पोरं तिथं जाऊन राहायची, बहुतेक तीन आठवडे. पहिलं असं कॉलेज १९०४ साली कॉर्क जिल्ह्यात निघालं, तेही मुलांसाठी नाही, मास्तरांना आयरिश शिकवायला. आता सकाळी वर्ग, दुपारी खेळ नाहीतर समुद्र, रात्री 'केली'. हसू नको. केली म्हणजे नाच, रांगा करून, हातात हात घालून. आणि राहायचं गावातल्या एखाद्या घरी. त्या घरच्या बाईला 'बॅन अन टी' म्हणतात, घरची बाई. एका खोलीत दुमजली पलंग टाकून चार-सहा पोरी, आणि स्वयंपाक तिचा. सरकार तिला पोरामागे दर रात्रीचे पैसे देतं. घरातल्या मोठ्या माणसांची पोलिसांकडून चौकशी झालेली असते, हे स्वातीनं मला तीनदा वाचून दाखवलं.

आणि एकच मोठा नियम : इंग्रजी बोलायचं नाही. पकडलं तर ताकीद, परत पकडलं तर आणखी ताकीद, मग आईबापांना फोन, पोर घेऊन जा. आमच्या शेजारणीच्या वर्गातल्या एका मुलीला असंच गाडीत बसवून घरी धाडलं होतं. शेजारीण आता पन्नाशीची आहे. तिच्या सगळ्या आयरिशमधून 'मी संडासला जाऊ का?' एवढं एक वाक्य शिल्लक आहे, पण ते असं खणखणीत म्हणते की आपल्याला जावंसं वाटावं.

आता कुठला कोर्स घ्यायचा, यावरून घरात तीन आठवडे महाभारत चाललंय.

स्वातीला रॉ कार्न हवंय, कारण ते इथून तासाभरावर. त्याची गोष्ट तुला आवडेल. १९३५ मध्ये कॉनेमाऱ्यातली, म्हणजे पार पश्चिमेच्या खडकाळ भागातली, २७ कुटुंबं सरकारनं उचलून इकडं पूर्वेला मीथ जिल्ह्यात आणली, जमिनी दिल्या, घरं बांधून दिली. ती माणसं भाषा बरोबर घेऊन आली आणि भोवती सगळं इंग्रजी असताना धरून बसली. गेल्टाख्त म्हणून मान्यता मिळाली १९६७ मध्ये. ३२ वर्षं! आपल्याकडच्या धरणग्रस्तांच्या वसाहती आठवल्या मला, नुसत्या सातबाऱ्यावर नाव चढायला दोन पिढ्या जातात. पण स्वातीला इतिहासाशी घेणं नाही. तिला रात्री अकराला फोन आला तर बाराला पोहोचायचंय.

मला डोनेगलचं रानाफास्ट हवं होतं. का, ते धड सांगता येत नाही. लांब आहे म्हणून असेल. पण उत्तरेची बोली वेगळी. 'कसा आहेस' हे दक्षिणेला 'कोनस टॉ तू', पश्चिमेला 'के ही विल तू', आणि डोनेगलला 'गजे मर टॉ तू'. ते शेवटचं 'तू' आपलंच बरं का. आणि 'मी'ला 'मे' म्हणतात. मीराची शाळेतली बाई कॉनेमाऱ्याची. ती म्हणाली, परीक्षेला कुठलीही बोली चालते, पण पहिल्या वेळेला पोरीला गोंधळात कशाला टाकता? पटलं. ही बाई गमतीची आहे. आयरिशमध्ये हाक मारताना नावाचं पहिलं अक्षर मऊ होतं, 'म'चा 'व' होतो. आपण शेवट वाकवतो, हे सुरुवात वाकवतात. परदेशी नावांना तसं करत नाहीत म्हणे, पण ही मुद्दाम करते. त्यामुळे आमची मीरा हाक मारली की वीरा होते. आईला सांगितलं तर म्हणाली, कुस्ती शिकवत्यात काय तिला?

मीराला जायचंय कॅरारोला. तेही कॉनेमाऱ्यातच, गॉलवेच्या पुढं. बोलीही जुळते. तिथल्या भागात रोजच्या वापरात भाषा अजून आहे, हे मी आकडे काढून बघितलं. सगळ्या गेल्टाख्तांत मिळून वस्ती एक लाखाच्या वर आणि रोज बोलणारे २० हजारांच्या आसपास, म्हणजे नुसती पाटी बघून पोर पाठवण्यात अर्थ नाही. सगळं जुळतं, पण मीरा कॅरारो म्हणते ते तिच्या दोन मैत्रिणी तिथं जाणार म्हणून. आणि शेजारणीनं बजावलंय, काहीही करा, मैत्रिणींबरोबर पाठवू नका. दिवे गेले की पांघरुणात इंग्रजी सुरू.

मग मी विचारलं, तुम्हाला कोण हवं होतं खोलीत? ती म्हणाली, मैत्रिणी.

खर्च तीन आठवड्यांचा हजार-बाराशे युरो. लाखाच्या वर रुपये. आता वाच दिल्या, आणि खुर्चीत नीट बसून वाच. जिथं इंग्रजी बोलायला बंदी आहे अशा ठिकाणी पोरगी ठेवायला मी लाख रुपये भरतोय. मी. ज्यानं २०१२ मध्ये तुला पाऊण तास फोनवर झापलं, ओंकारला मराठी शाळेत घातलंस म्हणून. "पोराच्या आयुष्याशी जुगार खेळतोयस" हे माझंच वाक्य. तू म्हणालास, "जुगार तर जुगार, पत्ते माझ्या हातात हायत." आणि फोन ठेवलास. आठ महिने बोललो नाही आपण. पाटील सरांच्या तेराव्याला समोरासमोर आलो तेव्हा तू मला नुसता चहाचा कप पुढं केलास.

हस आता. पोटभर हस. वहिनींनाही वाचून दाखव.

लोक विचारतात, तीन आठवड्यांत भाषा काय येणार? मी काही बोलत नाही. येते की नाही माहीत नाही, पण जाते तीन आठवड्यांत. सदाशिव पेठेतल्या खोलीवर आपण आलो तो जून, मेसमध्ये मी "आमटी वाढा की वो" म्हणालो आणि आख्खं टेबल हसलं. तुला आठवत असेल, तू त्यावर आणखी जोरात "मलापण वाढा की वो" म्हणालास. जुलैत मी 'आहे ना', 'नाही ना' करायला लागलो होतो. तू पदवी घेऊन परत गेलास तरी तुझं 'व्हय' जागेवर होतं. मी तेव्हा तुला अडाणी समजायचो, हे आता लिहून टाकतो.

म्हणून पुढचं ऐक. बुधवारी मी एका कॉलेजच्या ऑफिसात फोन केला, जेवणाचं विचारायला. पलीकडून बाई एकदम आयरिशमध्ये सुरू. 'जिआ घिच', म्हणजे देव तुझ्यापाशी असो. यावर आपण 'देव आणि मारिया तुझ्यापाशी असोत' म्हणायचं असतं, एकानं राम म्हटलं की दुसऱ्यानं राम आणि सीता, असा हिशोब. मला ते माहीत होतं. मीरानं शिकवलं होतं. पण ऐन वेळी जीभ लुळी पडली आणि तोंडातून काय निघालं असेल? "व्हय."

तीसएक वर्षांनी, दिल्या. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून, कॉनेमाऱ्यातल्या बाईला.

तीही बिचारी गप्प झाली. तिला वाटलं असेल, कुठल्या बेटावरची बोली. मग इंग्रजीत बोललो. शाकाहारी मुलं येतात म्हणाली, अंडी चालतात का एवढंच तिनं विचारलं. बटाट्याचं काही विचारलं नाही, तो गृहीत.

मीरानं नियमांचं पत्रक दोनदा वाचलं आणि म्हणाली, "बाबा, यात इंग्रजीच बंद आहे. मराठीचं काही लिहिलं नाही. मी मराठीत बोलले तर?" स्वाती म्हणाली, बोल की, पण कुणाशी? यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, आणि ते वाक्य गेले चार दिवस माझ्यावर आहे. बघ, मलाही लागण झाली.

कारण पुढचं वर्ष आमचं गावी यायचं. कोर्स जूनमध्ये, शाळा ऑगस्टच्या अखेरीपर्यंत बंद, म्हणजे जुलैत यायला हरकत नाही. पण आम्हा दोघांना रजा दोन आठवडे. त्यातला एक पुण्यात जातो, तुला माहितीय. उरलेल्या सात दिवसांत आजीशी चार वाक्यांची पाच होतील.

तर मी मीराला मागे ठेवायचं म्हणतोय. तीन आठवडे. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, तिच्याकडं एकटी पोर ठेवणं जमणार नाही. तुझ्याकडं ठेवशील? दिवसा तुमच्यात, संध्याकाळी आजीकडं, दोन गल्ल्या तर आहेत. नियम तोच, इंग्रजी बंद. 'काय करालाईस' ऐकू दे तिला. पुण्याचं मराठी शिकवायला मी आहे इथं, दुर्दैवानं.

एकच अडचण आहे आणि ती लिहायला मी दोन पानं टाळली. सई. ओंकारला मराठीत घातलंस आणि सहा वर्षांनी सईला इंग्रजी शाळेत. का, ते मी कधी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस. त्या फोनमुळं तर नाही ना रे? मी बोललो ते तेव्हा मला खरं वाटत होतं. आता सई आणि मीरा मोबाइलवर एकमेकींशी बोलतात त्या इंग्रजीतच, मी चोरून बघितलंय. दिवे गेल्यावर पांघरुणात काय होणार, सांगायला शेजारीण नको.

याचं उत्तर दे. शिव्यांसकट चालेल. पण लिही, फोन करू नकोस. फोनवर आपण दोघंही नीट बोलत नाही.

बाकी मोटर दुरुस्त झाली का? उसाचं बिल आलं? ओंकारचं तिसरं वर्ष ना आता? त्याला सांग, काकानं जुगाराबद्दल माफी मागितलीय, कशाबद्दल ते बाबांना विचार म्हणावं. दुकानात रब्बीची गर्दी सुरू झाली असेल, तुझ्या गुडघ्याला पट्टा बांध.

तुझा,
विन्या

ता. क. कॅरारोचे पैसे आत्ता भरले. मैत्रिणींसकट. म्हटलं, जागा भरून जातात.

ता. क. २. वहिनींना सांग, अंडी चालतात.