परदेश दौऱ्याची यादी आमच्या खेड्यापर्यंत येऊ द्या

मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. माझं मागणं एकच आहे. परदेशी तरुणांबरोबर जी देवाणघेवाण होते तिच्यात आहार आणि आरोग्य हा विषय घ्या, आणि त्यात विदर्भातल्या खेड्यांच्या मुलामुलींना हक्काच्या जागा द्या.

आहारच का, ते आधी सांगते. शाळेत शिजलेलं जेवण मिळतं ते आठवीपर्यंत. नववीत गेलं की बंद. आमची मुलं सकाळच्या एसटीनं येतात. कापूस वेचणीच्या दिवसांत आईबाप पहाटेच वावरात गेलेले असतात, त्यामुळे डबा असतोच असं नाही. स्टँडवरचं पाच रुपयांचं पाकीट आणि चहा, यावर दुपार निघते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. आमच्याकडे प्रार्थनेला उभ्या असलेल्या मुली चक्कर येऊन मटकन खाली बसतात. घरी बाप आणि भाऊ जेवले की मग माय आणि लेक बसणार, तेही भाजी उरली असेल तर.

खायला चांगलं काही आमच्याकडे नव्हतंच, असं मुळीच नाही. ज्वारीची भाकर, कण्या घालून शिजवलेली अंबाडी, जवसाची चटणी, पहिल्या पावसात उगवणारी तरोट्याची रानभाजी, सगळं होतं. सोयाबीन आलं आणि ज्वारी मागे पडली. आता कोणी हौसेनं पेरलीच, तर रानडुकरं आणि पाखरं ठेवत नाहीत. वावरातलं सोयाबीन बाजारात जातं, कापूस जिनिंगला जातो, ताटात उरतो रेशनचा भात. तरोटा म्हणजे गरिबाची भाजी, असं मुलांच्या मनात पक्कं बसलंय. लोह कशात असतं हे त्यांना पाठ आहे, परीक्षेत बरोबर लिहितात. खाण्यात ते उतरत नाही.

ते उतरताना मी पाहिलं ते पाहुणे आल्यावर. पोळ्याच्या सुमारास एका संस्थेमार्फत जपानमधली कॉलेजची काही मुलंमुली आमच्या गावात राहायला आली होती. त्यांनी आपल्या शाळेतल्या जेवणाचं सांगितलं. तिथे वर्गातलीच मुलं पाळीपाळीनं पांढरा अंगरखा आणि टोपी घालून सगळ्यांना वाढतात, शिक्षक वर्गातच बसून तेच जेवतात, नंतरची आवराआवरही मुलंच करतात. २००५ पासून जपानमध्ये आहारशिक्षणाचा कायदा आहे, शाळांत त्यासाठी आहार-शिक्षकही नेमतात.

दुसऱ्या दिवशी आमच्या मुलांनीही तसंच करायचं ठरवलं. घरी पाण्याचा गिलासही हातानं न घेणारा अकरावीतला एक मुलगा डाळभाजीची बादली घेऊन पंगतीत फिरत होता, आणि मुली पहिल्या पंगतीला बसल्या होत्या. पाहुण्यांतल्या एकीनं अंबाडीची भाजी परत मागून घेतली. मग पानं कधी तोडायची, आंबटपणा कसा कमी करायचा, असं खोदून खोदून विचारायला लागली. हे काही आमच्या पुस्तकात नव्हतं. शेवटी एका मुलीच्या आजीला बोलावलं, तर ती सगळ्यांना थेट धुऱ्यावरच, म्हणजे वावराच्या बांधावर, घेऊन गेली. ज्या भाजीची आमच्या मुलींना लाज वाटायची, तिच्याबद्दल त्याच मुली मोडक्यातोडक्या इंग्रजीत कितीतरी वेळ बोलत राहिल्या. त्यानंतर डब्यात भाकर आणि अंबाडी लपवून खाणं थांबलं. माझ्या तासांनी एवढं कधी घडलं नव्हतं, साहेब.

आता आमच्या मुलांनी तिकडे जायचं म्हटलं, तर वाटच सापडत नाही. जपान सरकारच्या जेनेसिस कार्यक्रमात २००७ पासून आशियातले तरुण जातात, त्यात भारतातलेही असतात. आपल्या केंद्र सरकारचीही युवा शिष्टमंडळं परदेशी जातात. पण अशा कार्यक्रमांचं पत्र आमच्यासारख्या कॉलेजात पोचतं तेव्हा बहुतेक वेळा मुदत संपलेली असते. वेळेत पोचलंच, तर मुलाखत इंग्रजीत आणि पासपोर्ट आधीच हवा. शेतमजुराच्या मुलीकडे पासपोर्ट कुठून असणार? युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस योजनेत १३ ते ३० वर्षांचे तरुण ५ ते २१ दिवस एकत्र राहून शिकतात. दुर्गम भागातले आणि गरीब घरातले तरुण मागे राहू नयेत म्हणून तिथे वेगळे पैसे ठेवलेले असतात. असा नियम आपल्यालाही करता येईल.

यजमानपणासाठी जागा तर आपल्या विदर्भातच आहे. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींच्या नई तालीमचा, म्हणजे हातानं काम करत शिकण्याचा, विचार मांडला गेला, आणि पुढे सेवाग्रामला स्वयंपाक, शेती आणि सफाई यांतूनच मुलं शिकली. ते काम उभं करणारे आर्यनायकम मूळचे श्रीलंकेचे होते. परदेशी तरुणांना तिथे आठवडाभर ठेवा, पुढचे काही दिवस आमच्या गावांत राहू द्या. मेळघाटातल्या कोरकू आदिवासींच्या घरांत शिजणारी कुटकी, म्हणजे तिथलं बारीक भरडधान्य, तेही त्यांना खाऊ द्या.

निवडीची मुलाखत मराठीत घ्या. पासपोर्टचं शिबिर तालुक्याला भरवा. परत आलेल्या मुलांना निदान एक सत्र आपापल्या शाळेची पंगत चालवायला द्या. आणि पुढच्या निवडीचं पत्र मुदतीच्या दोन महिने आधी आमच्या हातात पडू द्या. मुलामुलींची नावं मी तयार ठेवली आहेत.

आपली,
यवतमाळ जिल्ह्यातली एक शिक्षिका