गाठीच्या तपासणीत दिवस वाया जाऊ नयेत म्हणून मदतीचे आवाहन

एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीच्या मानेत, काखेत किंवा जांघेत गाठ आली की आधी क्षयाचा संशय येतो. तो रास्तच आहे. पण क्षय सिद्ध न होताच औषधे सुरू होतात, दोन-दोन महिने चालतात आणि तोवर लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग, पसरत राहतो. बर्किट लिम्फोमाच्या पेशी तर एक-दोन दिवसांत दुप्पट होतात. एआरटी (एचआयव्हीची रोजची औषधे) नीट चालू आहे, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) चांगला आहे, म्हणून गाठीकडे दुर्लक्ष करू नये. बर्किट आणि हॉजकिन हे प्रकार चांगल्या सीडी४ वरही होतात.

अशा रुग्णांना मदत करणाऱ्या आमच्या समितीला पैसे सर्वाधिक लागतात ते बायोप्सीसाठी, म्हणजे गाठीचा नमुना काढून तपासण्यासाठी. सुईने पेशी काढून क्षय पुष्कळदा सापडतो, पण लिम्फोमाचा नेमका प्रकार ठरवायला शक्यतो अख्खी गाठ काढावी लागते. ती रुंद तोंडाच्या बरणीत, गाठीच्या आकारमानाच्या दहापट फॉर्मेलिनमध्ये (नमुना टिकवणारे द्रावण; १० टक्के, न्यूट्रल बफर्ड) ठेवायची. मोठी गाठ न कापता टाकली तर आतपर्यंत फॉर्मेलिन पोहोचत नाही आणि मधला भाग खराब होतो. क्षयाच्या कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीसाठी) एक तुकडा वेगळा, नुसत्या सलाईनमध्ये द्यायचा, कारण फॉर्मेलिनने जंतू मरतात. एवढी साधी चूक झाली तरी रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रिया सोसावी लागते.

त्यानंतर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींवरच्या खुणा रंगवून लिम्फोमाचा प्रकार ओळखणारी तपासणी. हा खर्च टाळता येत नाही. प्लाझ्माब्लास्टिक या प्रकारच्या लिम्फोमात सहसा सीडी२० ही खूण नसते, त्यामुळे तिथे त्याच खुणेवर काम करणाऱ्या रिटुक्सिमॅब या औषधाचा उपयोग नाही. जिथे ते द्यायचे, तिथे आधी हिपॅटायटिस बी तपासावाच लागतो, नाहीतर दबलेला विषाणू उसळून यकृत निकामी होऊ शकते. आणि जिवावर बेतलेले नसेल तर बायोप्सीआधी स्टिरॉइड नको: गाठ तात्पुरती विरघळते आणि अहवालातून काहीच कळत नाही.

दुसरी गरज प्लेटलेटदात्यांची, कारण केमोने (कर्करोगाच्या औषधोपचाराने) रुग्णाच्या प्लेटलेट घटतात. प्लेटलेट २० ते २४ अंश तापमानाला, सतत हलवत ठेवाव्या लागतात आणि साधारण ५ दिवसच टिकतात. साठा करता येत नाही, म्हणून शिबिरापेक्षा बोलावल्यावर येणाऱ्या दात्यांची यादी आम्हाला जास्त मोलाची वाटते. यंत्रावरच्या प्लेटलेटदानाला दीड-दोन तास लागतात; आधीचे तीन दिवस अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसावी.

तिसरी गरज माणसांची. ईपॉक या लिम्फोमाच्या केमो-पद्धतीत तीन औषधे सलग ९६ तास पंपाने चालतात. त्यांतले डॉक्सोरुबिसिन किंवा व्हिन्क्रिस्टिन शिरेबाहेर गळले तर मांस जळते, म्हणून मोठ्या शिरेत नळी घालावी लागते. घरचे कोणी सोबत नसलेल्या रुग्णाजवळ चार दिवस, चार रात्री पाळीने बसणारे हवेत. पंप वाजला की परिचारिकेला बोलवायचे, बटणाला हात लावायचा नाही. एआरटीचा डबा रुग्णासोबत आला आहे का, एवढे पाहिले तरी मोठे काम होते. दवाखान्यात भरती झाल्यावर गोळ्या अनेकदा चुकतात. गोळ्यांची यादी मात्र केमोआधीच डॉक्टरांना दाखवायची. एआरटीतले झिडोव्हुडिन रक्तपेशी आणखी घटवते. एआरटीतल्याच रिटोनाव्हिरमुळे व्हिन्क्रिस्टिन शरीरात साचते, हातपाय बधिर होतात, आतडी मंदावतात.

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा ३८ अंश ताप म्हणजे सकाळची वाट पाहायची नाही, पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हायला हवे. रात्री गाडी काढू शकणाऱ्यांनी म्हणून आवर्जून नाव द्यावे.

सोबत बसल्याने, हात धरल्याने, एकाच ताटात जेवल्याने एचआयव्ही होत नाही. रुग्णाचे निदान आम्ही दात्याला सांगत नाही, आपणही विचारू नये. प्लेटलेटच्या निरोपात फक्त रक्तगट, ठिकाण आणि वेळ असेल.

देणगी एकरकमी द्यावी किंवा एका रुग्णाच्या तपासण्यांचा भार उचलावा. पावती आणि खर्चाचा हिशेब मिळेल, रुग्णाचे नाव मिळणार नाही. दात्यांनी रक्तगट आणि शेवटच्या रक्तदानाची तारीख, सोबत बसणाऱ्यांनी मोकळ्या रात्री, गाडीवाल्यांनी रात्री उचलला जाईल असा फोन क्रमांक समितीच्या कार्यालयात नोंदवावा.